पीपी नंबरचं इंटरनेट

आई-बाबांच्या वेळच्या लग्नपत्रिका कधी चाळल्या आहेत का? पत्त्याखाली फोन नंबर असतो आणि त्याच्यापुढे कंसात दोन अक्षरं, ‘पीपी’. म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. सरळ भाषेत, फोन आमचा नाही, शेजारच्यांचा आहे, पण त्यांना सांगितलंत तर ते आम्हाला हाक मारतील. तेव्हा फोनसाठी वर्षानुवर्षं वेटिंग लिस्ट असायची, त्यामुळे बिल्डिंगमधला एक फोन सगळ्यांचाच असायचा.

मंडळी, आज घरात एका कनेक्शनवर दोन लॅपटॉप, चार मोबाईल आणि एक टीव्ही चालतो ना, ती सगळी या पीपी नंबरचीच करामत आहे. कशी ते सांगतो.

इंटरनेटवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा पत्ता असावा, ही मूळ कल्पना. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी पत्ते. सुरुवातीला हे म्हणजे समुद्र वाटलं असणार! पण नव्वदीच्या सुरुवातीलाच लक्षात आलं की असंच वाटत राहिलो तर पत्ते संपणार. मग मे १९९४ मध्ये क्येल एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस या दोघांनी आरएफसी १६३१ नावाचा छोटासा दस्तऐवज लिहिला. त्यातली युक्ती अशी की आतल्या सगळ्या मशीन्सना खाजगी पत्ते द्यायचे आणि बाहेर जाताना दारावरच्या डब्याने पत्ता बदलायचा. याचं नाव नॅट. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये खाजगी पत्त्यांचे तीन पट्टे पक्के झाले. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा १९२.१६८ त्यातलाच. तुमच्या घरातही तोच, माझ्या घरातही तोच, आणि त्याने काही बिघडत नाही.

आता पीपी आठवा. शेजाऱ्यांच्या फोनवरून बाहेर फोन लावणं सोपं. पण बाहेरून फोन आला की शेजारच्या काकूंना विचारावं लागतं, ‘कोणाला बोलवू?’ नॅटचा डबासुद्धा तेच करतो. कोणत्या मशीनने कोणत्या पोर्ट नंबरवरून बाहेर काय मागितलं हे वहीत लिहून ठेवतो आणि उत्तर आलं की वही बघून आत पोचवतो. आणि न मागता कोणी बाहेरून आलं, तर वहीत नोंदच नसते! डबा त्याला दारातूनच परत पाठवतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गंमत म्हणजे लिहिणाऱ्यांनी स्वतःच हा तात्पुरता उपाय म्हटला होता. कायमचा उपाय म्हणून आयपीव्ही६ चा पहिला दस्तऐवज डिसेंबर १९९५ मध्ये आलाही. पण तात्पुरती पत्र्याची शेड पंधरा वर्षांनी सोसायटीची अधिकृत पार्किंग होते, तसंच झालं.

आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सुरू केलं तेव्हा वाटून घ्यायचा प्रश्न फक्त ऑफिसांत आणि पुढे सायबर कॅफेत होता. विंगेट नावाचं न्यूझीलंडचं सॉफ्टवेअर होतं, मग १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय फुकट आली. एका लाइनवर पाच-सहा मशीन्स, आणि एकाने फोटो उघडला की बाकीचे घड्याळ बघत बसायचे.

घरांत हे आलं ब्रॉडबँडबरोबर. आणि इथे आमच्या आंबिवलीचा भूगोल आडवा येतो. मध्य रेल्वेची लाइन एकच, पण ठाण्यापर्यंत एमटीएनएल आणि कल्याण-डोंबिवलीपासून पुढे बीएसएनएल. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने डेटावन आणलं. वेग २५६ केबीपीएस. ५०० रुपयांच्या प्लॅनमध्ये पुढे रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत झालं, त्यामुळे कित्येक घरांत दोनचे गजर लागायचे :) नंतर ९०० रुपयांचा अनलिमिटेड आला. नऊशे रुपये ही तेव्हा एनआरसीच्या कामगाराच्या घरात सहज देण्यासारखी रक्कम नव्हती. (एनआरसी, म्हणजे मोहन्याची रेयॉनची कंपनी, २००९ मध्ये बंदच पडली. तो वेगळा आणि मोठा विषय आहे.) मग दोन घरांनी मिळून एक घ्यायचं, साडेचारशे-साडेचारशे. खिडकीतून निळी केबल, मध्ये एक स्विच.

पण एक अडचण होती. लाइनमन मोडेम लावताना तो ब्रिज मोडवर ठेवायचा आणि डायलर डेस्कटॉपवर टाकायचा. म्हणजे लॉगिन कॉम्प्युटर करणार, आणि तोच एक नेटवर जाणार. उपाय त्याच डब्यात होता! १९२.१६८.१.१ उघडायचं, अॅडमिन-अॅडमिन टाकायचं, लॉगिन मोडेममध्येच भरून ठेवायचं. झालं, मोडेम स्वतःच नॅट करायला लागला. गल्लीत हे जमणारा एक दादा असायचाच. मी तेव्हा प्राथमिक शाळेत, त्यामुळे माझं काम केबल धरून उभं राहण्याचं. तरी मी इंजिनियरिंगला का गेलो याचं बरंचसं उत्तर त्या केबलमध्ये आहे.

केबलवाल्यांचं इंटरनेट आणखी कडक. तिथे नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता नोंदवून घ्यायचे, दुसरा कॉम्प्युटर लावला की नेट बंद, दुसऱ्याचे पैसे वेगळे. यावर राउटर बनवणाऱ्यांनीच ‘मॅक क्लोन’चं बटण दिलं होतं. राउटर कॉम्प्युटरचा पत्ता चोरून तोच मी असं सांगायचा. घराबाहेर वाटणं करारात बसत नव्हतंच, पण स्वतःच्याच घरातल्या दोन मशीन्सना मनाई हा मला आजही निव्वळ कोतेपणा वाटतो.

वाटण्याची खरी किंमत मात्र २००८ मध्ये कळली. २६ जुलैला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी माध्यमांना धमकीचा ईमेल गेला. पत्त्याचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटवर. त्याचं वाय-फाय बिनापासवर्डचं होतं, ते वापरून मेल दुसऱ्यांनीच पाठवला होता. पीपी नंबरवरून धमकीचा फोन गेला तर पोलीस फोनवाल्याच्याच दारात येणार! २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. बिल्डिंगमधल्या खिडकीतल्या केबलीही हळूहळू निघाल्या, अर्थात त्याला नेट स्वस्त झालं हेही कारण.

आणि आता खरा विनोद. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले पत्ते संपले, एप्रिलमध्ये आशियाचेही जवळजवळ. मग कंपन्यांनी काय केलं? ग्राहकाला जे करू देत नव्हत्या तेच स्वतः केलं. एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो-हजारो ग्राहक. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा जवळजवळ ४२ लाख पत्त्यांचा वेगळा पट्टाही राखून ठेवला गेला. राउटरच्या स्टेटस पानावर डब्ल्यूएएनसमोर १००.६४ ते १००.१२७ मधला आकडा दिसला, तर समजा की तुम्ही पीपीवर आहात.

फरक इतकाच की आधी वही आपल्या घरात होती, आता कंपनीकडे आहे. परवान्याच्या अटींमुळे तिला ती जपून ठेवावीही लागते. आणि मघाचा मुद्दा: बाहेरून आलेल्याला दारातून परत पाठवतात. घरच्या राउटरमध्ये आपण ‘अमुक पोर्टवर आलेलं या मशीनला दे’ असं सांगू शकायचो. कंपनीच्या डब्याला कोण सांगणार? घरी छोटा सर्व्हर चालवून तो बाहेर कोणाला दाखवायचा, हे शिकतानाचं सगळ्यात मजेचं काम आजच्या मुलाला सरळपणे करता येत नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘स्टॅटिक आयपी घ्या सर, महिन्याचे एक्स्ट्रा लागतील.’

आयपीव्ही६ मध्ये ही कटकट नाही, आणि २०१६ मध्ये जिओ आल्यावर भारत त्याच्या वापरात जगात पुढच्या रांगेत जाऊन बसला आहे. म्हणजे माझ्या खिशातल्या मोबाईलला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे, घरातल्या फायबरला नाही. लोकल ऑपरेटरकडे चौकशी लावली आहे. ‘इंजिनियरला विचारून सांगतो’ म्हणालेत.