बदललेला ड्रायव्हर खरंच चालतोय का? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

समजा, कर्नलमध्येच बांधलेल्या एका ड्रायव्हरच्या कोडमध्ये तुम्ही बदल केला, कर्नल बिल्ड केला, मशीन रीबूट केलं आणि मोजमाप घेतलं. आकड्यांत काहीच फरक नाही! याचे दोन अर्थ निघतात: बदलाचा परिणाम होत नाही, किंवा बदललेला कोड चाललाच नाही. प्रबंधात पहिला अर्थ लिहायचा असेल, तर आधी दुसरा खोडून काढावा लागतो. पुरावा काय द्यायचा, हा प्रश्न मात्र बराच जुना आहे.

1975 च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ड्रायव्हर म्हणजे कर्नलचाच तुकडा. एक ओळ बदलली तरी कर्नल पुन्हा लिंक करायचा, जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. डिस्कवर कोणती फाइल आहे ते दिसायचं, पण मेमरीत काय चालू आहे ही वेगळी गोष्ट. चालू सिस्टिमलाच तिची ओळख विचारणारी 'युनेम' ही सोय पुढे पीडब्ल्यूबी युनिक्समध्ये आली.

1991 मध्ये लिनक्स आला तेव्हाही ड्रायव्हर आतच असायचे. नव्वदच्या दशकात मॉड्यूल आले आणि काम सोपं झालं: काढा, पुन्हा घाला, 'एलएसमॉड'च्या यादीत बघा. पण आत बांधलेला ड्रायव्हर त्या यादीत दिसतच नाही. त्याच्यासाठी जुनाच प्रश्न उरला.

त्यात त्या काळच्या लिलो या बूटलोडरची गंमत. कर्नलची फाइल तो नावाने शोधत नसे. ती डिस्कवर कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, हे त्याने आधीच टिपून ठेवलेलं असे. तुम्ही नवी फाइल ठेवली आणि लिलोची कमांड पुन्हा चालवायला विसरलात, तर जुने ब्लॉक शाबूत असेपर्यंत जुनाच कर्नल गुपचूप सुरू व्हायचा. ग्रब फाइल सिस्टिम वाचू शकतो, त्यामुळे ही अडचण गेली. पण बूटचं पार्टिशन माउंट न करता फाइल कॉपी केली, तर आजही तेच होतं.

यावर लिनक्सने दिलेला पुरावा म्हणजे बिल्डचा क्रमांक आणि तारीख-वेळ. 'युनेम'ला 'व्ही' पर्याय दिला की दोन्ही दिसतात. कर्नल नव्याने लिंक झाला की क्रमांक एकाने वाढतो, 'मेक एमआरप्रॉपर' केलं की पुन्हा एकपासून सुरू. पण नीट बघा, यातून सिद्ध काय होतं? कर्नल नवा आहे, एवढंच. तुमचा ड्रायव्हर कॉन्फिगरेशनमध्ये निवडलेलाच नसेल, तर त्याची फाइल कंपाइलच होत नाही आणि क्रमांक तरीही वाढू शकतो.

2005 मध्ये गिट आलं आणि पुराव्याचा आधार बदलला. कधी बिल्ड केलं यापेक्षा कशापासून बिल्ड केलं, हे सांगता येऊ लागलं. कॉन्फिगरेशनमध्ये तो पर्याय चालू असेल तर कर्नलच्या नावाला कमिटचा हॅश चिकटतो, आणि कमिट न केलेले बदल असतील तर 'डर्टी' हा शब्दही. मात्र एकाच कमिटवरचे दोन वेगवेगळे कच्चे बदल सारखेच 'डर्टी' दिसतात. म्हणून मोजमापाआधी कमिट करा.

2013 पासून डेबियनमध्ये रिप्रोड्यूसिबल बिल्डचं काम सुरू झालं: तोच सोर्स दिला की बाइट न् बाइट तेच बायनरी मिळायला हवं. अशा बिल्डमध्ये तारीख-वेळ मुद्दाम ठरावीक ठेवतात, म्हणजे घड्याळाचा पुरावा तिथे बाद.

मग ड्रायव्हरचं काय? त्याच्या कोडमध्ये खुणेची एक ओळ छापायला लावा आणि रीबूटनंतर 'डीमेसेज'मध्ये शोधा. ओळ कुठे लिहिता हेही महत्त्वाचं. 'इनिट' फंक्शन हार्डवेअर नसतानाही चालतं. 'प्रोब' मात्र ड्रायव्हरला जुळणारं डिव्हाइस सापडलं तरच. 'इनिट'ची ओळ दिसली आणि 'प्रोब'ची नाही, तर तुमचा कोड कर्नलमध्ये आहे, पण ते डिव्हाइस त्याच्या हातात आलेलं नाही. अशा वेळी घेतलेले आकडे दुसऱ्याच कोणाचे असू शकतात.

म्हणून प्रत्येक मोजमापाच्या फाइलमध्ये, आकड्यांच्या वर, 'युनेम'चं पूर्ण उत्तर आणि ती खुणेची ओळ स्क्रिप्टनेच लिहून ठेवा. सहा महिन्यांनी परीक्षकांनी विचारलं, "हे आकडे नक्की बदललेल्या ड्रायव्हरचेच का?", तर उत्तर त्याच फाइलमध्ये सापडेल.