लाल खटका ते हिरवी वायर

पाचोऱ्यात भडगाव रोडला किंवा स्टेशनच्या बाजूला संगणक दुरुस्तीच्या दुकानात जरा वेळ बसलं, तर एक तक्रार हमखास कानावर येते. "दादा, हाई बंदच नही व्हई राह्यनं." तिचे प्रकार साधारण तीन. पडदा काळा होतो, पण सीपीयूच्या डब्यातला पंखा फिरतच राहतो. किंवा 'शटिंग डाऊन' अशी अक्षरं येतात आणि शेजारचं चक्र आपण जेवून आलो तरी गरगरत असतं. किंवा बंद होतो खरा, पण पाठ वळली की आपला आपण पुन्हा सुरू होतो.

यंत्र चालू न होणं हे दुखणं यंत्राइतकंच जुनं. सांगूनही बंद न होणं मात्र अलीकडचं आहे, आणि त्याचं कुळ नीट शोधता येतं. ते सापडलं की दुरुस्ती कुठून सुरू करायची तेही कळतं, म्हणून हा खटाटोप.

सुरुवातीला भीती उलटीच होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या. अशा नळ्या तापताना आणि गार होताना जास्त दगावतात. त्यामुळे त्या काळच्या नळ्यांच्या यंत्रांबाबत जगभरच्या अभियंत्यांना धास्ती असायची ती बंद करून पुन्हा सुरू करण्याची. बंद होईल की नाही ही शंका कोणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

घरगुती संगणकाच्या मूळपुरुषाचंही तसंच. ऑगस्ट 1981 मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या उजव्या अंगाला, मागच्या कोपऱ्यात, एक मोठा लाल खटका होता. तो पाडला की वीज तुटायची. संगणकाला विचारण्याचा प्रश्न नव्हता, त्याला कळायचंही नाही. डॉसवर काम करणाऱ्याला एवढीच शिस्त पाळावी लागे: फाईल सेव्ह करा, प्रोग्राममधून बाहेर या, सी-प्रॉम्प्ट दिसला आणि डिस्कचा दिवा विझला की खटका पाडा. काळजी एकाच जागी. हार्ड डिस्कच्या तबकडीवर केसाहून कितीतरी कमी अंतरावर तरंगणारं वाचनाचं डोकं वीज गेली की खाली टेकायचं, आणि जुन्या डिस्कमध्ये ते आपोआप कडेला सरकत नसे. त्यासाठी 'पार्क' नावाची आज्ञा होती. संगणक टेम्पोतून दुसरीकडे न्यायचा, तर आधी पार्क करायचा.

नव्वदीच्या दशकात तालुक्याच्या गावांपर्यंत जे 'एटी' डबे पोचले, त्यांचं बटण समोर आलं होतं, पण स्वभाव लाल खटक्याचाच. बटणापर्यंत आलेल्या जाड वायरींमधून थेट 230 व्होल्ट वाहायचे. झाकण उघडं ठेवून काम करणाऱ्याचा हात चुकून तिथे लागला की त्याला त्या दिवसाची आठवण राहायची. पॉवर सप्लायचे दोन प्लग बोर्डाला शेजारी-शेजारी बसायचे आणि उलटे बसले तर बोर्ड जळायचा; म्हणून शिकाऊ पोराला पहिला धडा, काळ्या वायरींशी काळ्या वायरी. हा धडा ज्यांनी गिरवला ते मेकॅनिक आता पन्नाशीला आले.

बंद करण्यापूर्वी यंत्राला सांगावं लागतं, ही रीत आली ती दुसऱ्या घराण्यातून, युनिक्समधून. बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या या प्रणालीत लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर जात नसे. डिस्क मंद, स्मृती चपळ, म्हणून तो आधी स्मृतीत साचायचा आणि साधारण दर 30 सेकंदांनी डिस्कवर उतरवला जायचा. मधेच वीज तोडली तर साचलेलं गेलं. म्हणून बंद करण्याआधी 'सिंक' ही आज्ञा द्यायची, आणि जुन्या मंडळींचा दंडक असा की ती तीनदा द्यायची, दर वेळी वेगळ्या ओळीवर. तीनमध्ये मंत्र काही नव्हता. दुसरी आणि तिसरी ओळ टाइप होईपर्यंत डिस्कला आपलं काम उरकायला सवड मिळायची, इतकंच. आपल्याकडे 1984 च्या रंगराजन समितीनंतर बँकांच्या शाखांत युनिक्सची यंत्रं आली आणि संध्याकाळी 'डे-एंड' झाल्याशिवाय मशिनला हात लावायचा नाही, हे कारकुनांच्या अंगवळणी पडलं.

खरं तर पाचोऱ्याला अशी रीत परकी वाटू नये. पाचोरा-जामनेर ही 56 किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी 1919 पासून गावाच्या ओळखीची होती. वाफेच्या इंजिनाला दिवस संपला म्हणून खटका पाडून मोकळं होता येत नाही. विस्तव काढायचा, राख झाडायची, बॉयलरमधल्या पाण्याची पातळी बघायची आणि त्याला सावकाश गार होऊ द्यायचं. घाई केली तर पत्रे आणि सांधे तडकतात. इंजिन थांबवणं हे तिथे स्वतंत्र काम होतं आणि त्यासाठी माणसं नेमलेली असायची. संगणकात हे काम बिनपगारी आपल्याकडे आलं.

ते कसं आलं, हा या कथेतला सगळ्यात रंजक भाग. 1993 च्या डॉस 6 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'स्मार्टड्राइव्ह'ला युनिक्ससारखंच मजकूर साठवून मग लिहायला लावलं. लोक मात्र जुन्या सवयीने प्रॉम्प्ट दिसताच खटका पाडत राहिले. फाईल्स गेल्या, ओरड झाली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या 6.2 मध्ये साठलेलं लिहून झाल्याशिवाय प्रॉम्प्ट परत येणार नाही अशी सोय करावी लागली. माणसाची सवय बदलण्यापेक्षा यंत्राला थांबवणं सोपं, असं बहुधा त्यांनी ताडलं असावं.

24 ऑगस्ट 1995 ला विंडोज 95 आलं आणि हे शहाणपण मागे पडलं. आता माणसालाच शिस्त लावायची ठरलं. स्टार्ट दाबा, शट डाऊन निवडा, थांबा. मग काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत, आता संगणक बंद करायला हरकत नाही, अशी परवानगी येणार आणि मग आपण बटण दाबायचं. ती अक्षरं म्हणजे एक साधं चित्र होतं, 'लोगोज डॉट सिस' या नावाने ठेवलेलं. नाव बदलून ते पेंटमध्ये उघडायचं, त्यावर हवं ते लिहायचं, पुन्हा जुनं नाव द्यायचं, हा त्या काळच्या पोरांचा आवडता उद्योग. मात्र 'थांबा'च्या चित्रावरून 'हरकत नाही'च्या चित्रावर जाताना संगणक अडकू लागला. बंद न होणारा संगणक घरोघरी दिसू लागला तो इथून.

कारण बंद करणं आता विनंती झालं होतं. विंडोज प्रत्येक उघड्या प्रोग्रामला विचारतं, मी आवरू का? एखादा म्हणतो, फाईल सेव्ह करायची राहिली. एखादा उत्तरच देत नाही. तो अडला की सगळे अडले.

खानदेशात या शिस्तीची गाठ पडली भारनियमनाशी. भुसावळजवळचं दीपनगरचं औष्णिक केंद्र इथून 70 किलोमीटरच्या आसपास, तरी 2005 नंतरची काही वर्षं लाईट कधी जाईल याची वेळापत्रकं गावोगाव पाठ होती आणि वेळापत्रकाबाहेर ती जायची ते वेगळंच. 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटीच्या वर्गात पोरं संगणक रीतसर बंद करायला शिकत आणि बाहेर महावितरण तो बेरीत बंद करत असे. लाईट आली की विंडोज 98 निळा पडदा दाखवून स्कॅनडिस्क चालवायचं आणि वर सुनवायचं की संगणक नीट बंद केला नव्हता, पुढच्या वेळी स्टार्ट मेनूतून करा. कोणाला सांगतोय हा, असं वाटायचं. यूपीएस नावाचा जड डबा सायबर कॅफेत आणि झेरॉक्सच्या दुकानात शिरला तो चैन म्हणून नव्हे. विनंती पुरी व्हायला लागणारी पाच-दहा मिनिटं तो विकत देत असे.

दरम्यान बटणाचा स्वभावच बदलला होता. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हा बोर्डाचा आणि पॉवर सप्लायचा नवा नमुना काढला. त्यात समोरच्या बटणातून वीज वाहत नाही. बटण बोर्डाला फक्त इशारा देतं, बोर्ड हिरवी वायर जमिनीशी जोडतो आणि सप्लाय सुरू होतो; बोर्डाने ती सोडली की सप्लाय बंद. हे घडवायला बोर्ड थोडा जागा हवा, म्हणून जांभळ्या वायरीतून 5 व्होल्ट अखंड येत राहतात. म्हणजे मागचा प्लग लागलेला असेल तोवर आपला संगणक पुरता बंद कधीच नसतो. सप्लाय तपासायला हिरवी आणि काळी वायर पेपर क्लिपने जोडून पंखा फिरतो का ते पाहतात, ती कृती इथलीच.

हिरवी वायर सोड हे बोर्डाला सांगायचं कोणी? आधी 1992 चं एपीएम होतं. मग डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एसीपीआय ठरवलं. त्यात एस-शून्य म्हणजे पूर्ण जागं आणि एस-पाच म्हणजे बंद, मधे झोपेच्या पायऱ्या. बोर्डाचा बायॉस आणि विंडोज यांचं या पायऱ्यांवर एकमत झालं नाही, तर पडदा काळा होतो आणि पंखा फिरत राहतो. पहिल्या प्रकारच्या तक्रारीचं मूळ हे. बायॉस आणि चिपसेटचा ड्रायव्हर नवा केला की ती बहुतेकदा जाते.

1999 चं विंडोज 98 सेकंड एडिशन या बाबतीत बदनाम आहे. 'फास्ट शटडाऊन' म्हणून दिलेली सोयच काही संगणकांना अडकवायची. बंद होताना वाजणारी धून बिघडलेली असली तरी यंत्र तिथेच खिळायचं. मायक्रोसॉफ्टला शटडाऊनसाठी खास पुरवणी काढावी लागली. आणि गंमत म्हणजे त्याच घराण्यात उलटा रोगही निघाला: वेगवान संगणक इतक्या झटपट वीज तोडायचे की डिस्कच्या स्वतःच्या छोट्या स्मृतीतला मजकूर तबकडीवर उतरायच्या आत अंधार. त्याची दुरुस्ती वेगळी द्यावी लागली.

पुढच्या विंडोजमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसेस वाढल्या. एक्सपी त्यांना आवरायला 20 सेकंद द्यायचं, विंडोज 10 पाचच देतं. तरी ड्रायव्हरच अडला तर मुदतीचा उपयोग नाही. आज पाचोऱ्यातल्या ई-सेवा केंद्रावर चक्र गरगरत राहिलं, तर आधी बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि प्रिंटर काढून बघावं, प्रिंटच्या रांगेत अडकलेला सातबारा आहे का ते पाहावं. एकेक यूएसबी सोडवत गेलं की गुन्हेगार सापडतो. सापडला नाही, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नोंदी असतात: बंद करायला कोणी सांगितलं ते 1074 मध्ये, रीतसर बंद झाल्याची खूण 6006, अचानक गेल्याची 6008.

आपोआप सुरू होणाऱ्या संगणकाची दोन कारणं इथे जास्त दिसतात. एक, बंद होता होता विंडोज कोसळतं आणि 'कोसळल्यास पुन्हा सुरू कर' ही खूण लागलेली असते. खूण काढली की निळा पडदा दिसतो आणि खरा दोष कळतो. दुसरं, बायॉसमधलं वीज परत आल्यावर सुरू होण्याचं कलम. रात्री दोनला लाईट आली की बंद दुकानात संगणक जागा होतो आणि सकाळी मालक म्हणतो, रात्री मी बंद केला होता. त्याचं खरंच असतं.

आणि एक घोळ 2012 च्या विंडोज 8 पासूनचा. शट डाऊन केल्यावर विंडोजचा गाभा बंद न होता डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. नाव फास्ट स्टार्टअप. त्यामुळे बिघडलेला ड्रायव्हर रात्रीतून सुधारत नाही, आणि टास्क मॅनेजरमध्ये 'अपटाइम' अकरा दिवस दिसतो तेव्हा रोज बंद करणारा माणूस चक्रावतो. रीस्टार्ट मात्र पुरं असतं. पुरं बंद हवं तर शिफ्ट धरून शट डाऊनवर क्लिक करावं, नाहीतर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ती सोय काढून टाकावी. सध्याच्या निम्म्या तक्रारी मला तरी इथेच मिटताना दिसतात.

कशालाच दाद लागली नाही, तर बटण चार सेकंद दाबून धरायचं. तिथे विंडोजला कोणी विचारत नाही; बोर्डावरची चिपच वेळ मोजते आणि हिरवी वायर सोडते. लाल खटक्याचा उरलेला वंशज तो एवढाच. पुढच्या वेळी संगणक सुरू झाला की या आगाऊपणाची नोंद 41 क्रमांकाने लागते, आणि लाईट गेली तरी नेमकी तीच लागते.