ओएलईडीचा ऱ्हास

ओएलईडीचा ऱ्हास म्हणजे सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोडची (ओएलईडी) तेजस्विता वापरामुळे किंवा काळाच्या ओघात घटत जाण्याची प्रक्रिया होय. भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यांचे आयुर्मान बव्हंशी या प्रक्रियेवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

इ.स. १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन पातळ सेंद्रिय थरांचा, १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालणारा डायोड प्रसिद्ध केला. त्यानंतर कार्यक्षमतेइतकाच टिकाऊपणा हाही संशोधनाचा विषय ठरला.

बाह्य कारणे

ऋणाग्राच्या धातूतील सूक्ष्म छिद्रांतून बाष्प व ऑक्सिजन आत शिरतात. त्यामुळे ऋणाग्राचे ऑक्सिडीकरण होते किंवा ते सेंद्रिय थरापासून सुटते. तेथे इलेक्ट्रॉन पोहोचत नसल्याने काळे डाग दिसतात. उपकरण बंद असतानाही हे डाग वाढू शकतात. म्हणून डायोड काचेने किंवा पातळ संरक्षक थरांनी हवाबंद करतात. दर चौरस मीटरमागे दिवसाला एक ग्रॅमच्या दशलक्षांश भागाहून अधिक बाष्प आत जाऊ नये, असा निकष सामान्यतः मानला जातो.

अंतर्गत कारणे

हवाबंद डायोडही विद्युतप्रवाहामुळे हळूहळू क्षीण होतो. उत्तेजित रेणूची दुसऱ्या उत्तेजित किंवा विद्युतभारित रेणूशी आंतरक्रिया झाल्यास एकाची ऊर्जा दुसऱ्याला मिळते आणि त्याचे रासायनिक बंध तुटू शकतात. उरलेले तुकडे विद्युतभार अडकवतात व शेजारच्या रेणूंचा प्रकाशही शमवतात. त्यामुळे थोडे रेणू नष्ट झाले तरी तेजस्वितेतील घट मोठी असते.

निळ्या रंगाची समस्या

४६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या फोटॉनची ऊर्जा सुमारे २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. ६२० नॅनोमीटरच्या तांबड्या फोटॉनची सुमारे २.० असते. कार्बन-नायट्रोजन एकेरी बंध तोडण्यास साधारणतः ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. दोन निळ्या उत्तेजित अवस्थांची ऊर्जा एकत्र आल्यास ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तांबड्या व हिरव्या रंगांसाठी इरिडियमयुक्त स्फुरदीप्त संयुगे रूढ झाली. निळ्यासाठी मात्र कमी कार्यक्षम, पण अधिक टिकाऊ प्रतिदीप्त संयुगे दीर्घकाळ वापरात राहिली. एकच स्थिर चित्र दीर्घकाळ दाखवल्यास पडद्याचे काही भाग इतरांहून लवकर झिजतात व त्या चित्राची पुसट छाया कायमची उमटते.

मापन व उपाय

तेजस्विता मूळ मूल्याच्या ९५ किंवा ५० टक्क्यांवर येण्यास लागणाऱ्या तासांत आयुर्मान मोजतात. प्रवाहघनता वाढवल्यास ते घटते. यावर पुढील उपाय योजले जातात:

• निळ्या उपबिंदूंचे क्षेत्रफळ वाढवून त्यांतील प्रवाहघनता कमी करणे.
• दोन प्रकाशदायी संच एकावर एक रचून तेवढाच प्रकाश कमी प्रवाहात मिळवणे.
• रेणूंतील हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम वापरणे. कार्बन-ड्युटेरियम बंध तुलनेने सावकाश तुटतो.