शून्य म्हणजे ‘नाही’ नव्हे

१९९५ साली रॅस्मस लर्डॉर्फ यांनी स्वतःच्या वेबपानासाठी केलेली साधने सगळ्यांसाठी खुली केली. त्यांतून पीएचपी ही भाषा वाढली. पुढे तिचे मॅन्युअल स्वयंसेवकांनी लिहिले. मी एका मुक्तस्रोत स्क्रिप्टच्या लायब्ररीचे डॉक्युमेंटेशन लिहायला बसलो, तेव्हा तेच मॅन्युअल माझी शाळा होते.

त्यात ‘स्ट्रपॉस’ या फंक्शनच्या पानावर एक ठळक इशारा आहे. मजकुरात शब्द कुठे आहे, हे ते फंक्शन सांगते. मोजणी शून्यापासून होते. त्यामुळे शब्द अगदी सुरुवातीला सापडला तर उत्तर ० येते आणि सापडलाच नाही तर ‘फॉल्स’. दोन बरोबर-चिन्हांच्या सैल तुलनेत हे दोन्ही सारखेच ठरतात; म्हणून तीन चिन्हे वापरा, असे पान बजावते.

आमच्या लायब्ररीतही असेच एक फंक्शन होते. ‘शब्दाची जागा देते,’ एवढेच मी लिहून मोकळा झालो. एका वापरकर्त्याने त्यावर गाळणी बांधली. ओळीच्या सुरुवातीला आलेले वर्ज्य शब्द तिच्यातून बिनदिक्कत सुटत राहिले. कोड बरोबर होता, माझे वाक्य अपुरे होते.

२०२० च्या पीएचपी ८ मध्ये ‘आहे की नाही’ एवढेच सांगणारे ‘स्टर-कंटेन्स’ आले. तोवर कित्येक वर्षे तो इशाराच राखण करत होता.

आता कुठल्याही फंक्शनबद्दल लिहिताना मी आधी विचारतो: सापडले नाही, तर हे काय परत देते?