कातडं आणि दगडी तासणी

बकरी ईदला घोडबंदर रोडवर मदरशासाठी कुर्बानीची कातडी गोळा होतात, तेव्हा काही जण नाकाला रुमाल लावतात. मला मात्र नेवाशाच्या दगडी तासण्या आठवतात.

प्रवरेकाठच्या नेवाशाला 1954 ते 1956 मध्ये डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. अहवालावर ह. धी. सांकलिया, शां. भा. देव यांच्यासोबत झेड. डी. अन्सारी यांचंही नाव आहे. तिथे नदीच्या गोट्यांच्या थरांत मध्य पुराणाश्मयुगातल्या तासण्या सापडल्या. दगड चर्ट, जॅस्पर आणि अकीक. हो, आपल्या अंगठीतला अकीक!

तासणी म्हणजे दगडाचा टवका, एक कड बारीक ठोकून पक्की केलेली. टोकदार हत्याराने कातडं फाटतं. गोलसर कडेने आतली चरबी आणि मांस खरवडून निघतं. ते राहिलं तर कातडं कुजतं. लाकूडही अशाच हत्याराने तासत. कोणतं काम झालं, हे कधीकधी कडेच्या झिजेवरून सूक्ष्मदर्शकाखाली कळतं.

तेव्हा शेती नव्हती, गाव नव्हतं, जातही नव्हती. कातडं खरवडणं हे कुणा एका जमातीचं काम नव्हतं. ज्याला थंडी वाजे, त्याचंच ते काम. रुमाल लावणाऱ्यांचे पूर्वजही त्यांतलेच.