डीबी1, रात्री 11:27

31 जानेवारी 2017, मंगळवार. वेळा यूटीसीनुसार, भारतीय घड्याळ साडेपाच तास पुढे.

17:20. गिटलॅब डॉट कॉम, प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात ती साइट. तिथला एक अभियंता चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेऊन चाचणीच्या सर्व्हरवर चढवतो. असा स्नॅपशॉट दर 24 तासांनी आपोआप निघतोच. हा जादा, एका प्रयोगापुरता हाताने काढलेला.

19:00. डेटाबेसवर ताण वाढतो. लोकांच्या कमेंट पडत नाहीत. संशय स्पॅमवर. एक कारण नंतर कळेल: कुणीतरी खोडसाळपणे गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध तक्रार केली होती. तपासताना तपशील नजरेतून सुटला आणि खाते डिलीट करण्याच्या यादीत गेले. खाते म्हणजे एकच ओळ नसते. त्या ओळीचा क्रमांक धरून प्रकल्प, इश्यू, कमेंट यांच्या ओळी दुसऱ्या टेबलांत बसलेल्या असतात. फॉरेन की या नात्याची राखण करते. अवलंबून असलेल्या ओळी शिल्लक असतील तर मूळ ओळ ती डिलीट होऊ देत नाही. तशी सूचना दिली असेल, तर त्या ओळीही सोबत काढते. एका खात्यामागची ही आवराआवर मोठी असते. ती मागे चालूच राहते.

23:00. मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणारा दुय्यम सर्व्हर डीबी2 मागे पडला आहे. त्याला हव्या असलेल्या वॅल फाइल, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी, मुख्य सर्व्हर डीबी1 वरून आधीच निघून गेल्या आहेत. त्या वेगळ्या साठवून ठेवण्याची सोय केलेली नव्हती. आता डीबी2 ची डेटा डिरेक्टरी रिकामी करून सगळे नव्याने ओढायचे.

अभियंता ती रिकामी करतो, डेटाबेसची पूर्ण प्रत ओढून आणणारे पीजी-बेसबॅकअप हे साधन चालवतो. स्क्रीनवर काहीच येत नाही. काही प्रयत्नांनंतर कळते, रेप्लिकेशनची, म्हणजे नक्कल पाठवण्याची, कनेक्शन कमी पडताहेत. मर्यादा 3 वरून 32 केली जाते. आता पोस्टग्रेस, म्हणजे डेटाबेस चालवणारे सॉफ्टवेअर, सुरूच होईना; एकूण कनेक्शनची मर्यादा 8,000 होती, ती 2,000 वर आणावी लागते. पोस्टग्रेस सुरू होतो. पीजी-बेसबॅकअप पुन्हा गप्प.

ते गप्प राहणे नेहमीचेच होते. मुख्य सर्व्हरकडून डेटा सुरू होईपर्यंत ते असेच थांबते. हे कुठे स्पष्ट लिहिलेले नव्हते.

23:27 च्या जरा आधी. अभियंत्याला वाटते, आधीच्या प्रयत्नांतल्या फाइल आड येत असाव्यात. तो डिरेक्टरी काढून टाकण्याची कमांड देतो. एक-दोन सेकंदांत लक्षात येते: हा डीबी2 नाही, डीबी1 आहे.

खात्यांच्या टेबलातली एक ओळ काढायची असती, तर फॉरेन कीने अडवले असते. ती सगळी टेबले ज्या डिरेक्टरीत होती, तिच्यावर काय अवलंबून आहे हे ऑपरेटिंग सिस्टीमला ठाऊक नसते. तिने विचारले नाही.

23:27. कमांड थांबवली. सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरले होते.

त्यानंतर. बॅकअपची शोधाशोध. डेटाबेसची रोजची प्रत, पीजी-डंप, जिथे जायची, ती ॲमेझॉनच्या एस3 साठवणुकीतली जागा रिकामी. डंपचे साधन 9.2 आवृत्तीचे, डेटाबेस 9.6 चा, डंप दरवेळी अपयशी ठरत होता. तसे सांगणाऱ्या ईमेल निघतही होत्या, पण ईमेल खरी आहे का हे पाहणाऱ्या डीमार्कच्या तपासणीत नाकारल्या जात होत्या. या रात्रीतली सर्वांत गंभीर चूक मला हीच वाटते: इशारा रोज दिला जात होता आणि तो कुणापर्यंत पोचतो का, हे कुणी पाहिले नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या अझ्यूर क्लाउडचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरसाठी चालू केलेले नव्हते. डीबी2 तर आधीच रिकामा.

उरला तो 17:20 चा स्नॅपशॉट.

1 फेब्रुवारी. चाचणीच्या सर्व्हरच्या डिस्क संथ. कॉपी व्हायला सुमारे 18 तास लागतात.

साइट उघडण्यापूर्वी डेटाबेसमधले नव्या ओळींना क्रमांक देणारे सगळे क्रम 1,00,000 ने पुढे सरकवले जातात. गेलेल्या ओळींचे क्रमांक नव्या ओळींना मिळाले असते, तर जुने दुवे भलत्याच ठिकाणी जोडले गेले असते.

18:00. साइट सुरू. लोकांचा कोड असलेल्या गिट रेपॉझिटरी वेगळ्या सर्व्हरवर असल्याने सुरक्षित राहिल्या. मात्र काही रेपॉझिटरी डिस्कवर होत्या आणि त्यांच्या प्रकल्पांच्या ओळी डेटाबेसात नव्हत्या. डेटाबेसबाहेरच्या डिस्कपर्यंत फॉरेन की पोचत नाही.

17:20 नंतरचे सुमारे 5,000 प्रकल्प, 5,000 कमेंट आणि 700 खाती गेली. ती परत मिळाली नाहीत.