माळ्यावरून बागेत

आमच्या घरातला तांब्याचा बंब 1988 साली मोडीत गेला. न्हाणीघरात गीझर बसला आणि बंबाला जागा उरली नाही. काही महिने तो माळ्यावर होता, मग एके दिवशी मोडवाला आला, त्याने बंब उलटा करून बुडाची राख झटकली, वजन केले आणि पैसे मोजले. आजी त्या वेळी देवघरात होती. ती बाहेर आली नाही. तिने नंतर फक्त एवढेच विचारले, की तोटी तरी काढून ठेवली का. ठेवली नव्हती.

तो बंब, किंवा त्याचा सख्खा भाऊ शोभावा असा दुसरा एक, मला वीस वर्षांनी भेटला तो पुण्याजवळच्या एका मित्राच्या फार्महाऊसवर. हिरवळीच्या कोपऱ्यात तो चकचकीत करून ठेवला होता आणि निखाऱ्यांच्या नळीतून मनीप्लांटचा वेल खाली सोडला होता. मित्राने तो मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणला होता. त्याच बाजारातून आणलेल्या रांजणात कमळे होती, बैलगाडीचे चाक कुंपणाला टेकवले होते, आणि फाटकापासून ओसरीपर्यंतच्या पायवाटेत जात्यांचे दगड बसवले होते. येणारा-जाणारा त्यांवर पाय ठेवून येत होता. ज्या जात्याची लग्नघरात हळद दळण्यापूर्वी पूजा होते, ज्याला चुकून पाय लागला तर लहानपणी आम्हांला नमस्कार करायला लावत, त्या जात्यावरून मीही चालत गेलो. मित्राचा हेतू वाईट नव्हता. त्याने या वस्तू भट्टीत वितळण्यापासून किंवा खडीच्या ढिगात जाण्यापासून वाचवल्या होत्या, हे खरेच आहे. तरीही काहीतरी खुपत राहिले. ते काय असावे, याचा शोध घेताना बागेत जुन्या वस्तू मांडण्याच्या या हौसेला केवढा मोठा आणि किती गुंतागुंतीचा इतिहास आहे, हे हळूहळू ध्यानात आले.

आपल्याकडे काही वस्तू अशा असतात की त्या घरात ठेवता येत नाहीत आणि फेकताही येत नाहीत. खंडित मूर्ती पूजेत चालत नाही, पण ती उकिरड्यावर टाकण्याचे धाडस कोण करील? ती पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतात किंवा पाण्यात सोडतात. फुटलेल्या बांगडीला तर आपण ‘फुटली’ असेही म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतो. अशा वस्तूंसाठी समाजाला घर आणि उकिरडा यांच्या मधली एक तिसरी जागा लागते. पार ही तशी एक जागा. बाग ही दुसरी. आणि ही गरज केवळ कुटुंबांनाच पडते असे नाही, राज्यसंस्थेलाही पडते.

मुंबईची राणीची बाग हे याचे आपल्या परिचयाचे उदाहरण. तिथल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीच्या बेटावरचा हा हत्ती. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. 1864 साली तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलण्याचा घाट घातला गेला, त्या खटपटीत तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. मग ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आले आणि 1914 साली ते पुन्हा जुळवण्यात आले. अखंड असता तर हा हत्ती सातासमुद्रापार गेला असता. फुटला म्हणून मुंबईत राहिला.

पुढे शतकभराने त्याला शेजारी मिळाले. 1965च्या सुमारास मुंबईच्या चौकांतून ब्रिटिशांचे पुतळे हलवण्यात आले. प्रजासत्ताकात राणीने भररस्त्यात बसावे हे शोभणारे नव्हते आणि संगमरवराची एवढी कारागिरी फोडून टाकणेही बरे दिसत नव्हते. तेव्हा ही मंडळी राणीच्या बागेत आली. ज्याच्यामुळे काळा घोडा हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही इथेच आला. गंमत अशी की पुतळा गेला, तरी चौकाचे नाव गेले नाही. अखेर 2017 साली तिथे नवा काळा घोडा बसवण्यात आला, पण स्वाराशिवाय. राज्याने आपल्या माळ्यावरची अडगळ बागेत मांडली, एवढाच याचा अर्थ. तिच्याकडे पाहून कुणाचे काळीज हलत असेल असे वाटत नाही. ज्यांचे होते ते निघून गेले होते.

ज्यांचे होते ते निघून जाणे आणि ज्यांचे होते त्यांना उठवले जाणे, या दोहोंत मात्र अंतर आहे. त्यासाठी चंडीगडला जायला हवे.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही. नवी राजधानी वसवण्यासाठी शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याची जागा निवडली गेली, आराखडा ल कॉर्बूझिए या जगविख्यात वास्तुरचनाकाराकडे आला, आणि त्या सरळ रेघांच्या, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांच्या शहरासाठी अनेक गावे उठवण्यात आली. गाव उठते तेव्हा काय काय मागे राहते, याचा हिशोब कुठल्याही नकाशात नसतो. फुटके रांजण, कपबश्या, कौले, सायकलींचे सांगाडे, बांगड्यांचे तुकडे.

हा हिशोब एका माणसाने ठेवला. नेकचंद सैनी हे 1924 साली शकरगढ तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मले. ते गाव 1947 साली सीमेपलीकडे गेले आणि नेकचंद निर्वासित होऊन इकडे आले. 1951 साली त्यांना नव्या राजधानीच्या बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षकाची नोकरी मिळाली. म्हणजे ज्याचे स्वतःचे गाव गेले, तो माणूस दुसऱ्यांची गावे पुसून आखल्या जाणाऱ्या रस्त्यांवर देखरेख करू लागला! ही विसंगती त्यांनी कुठे शब्दांत मांडली असेल-नसेल, पण 1950च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दिवसाची नोकरी संपली की ते सायकल काढत आणि नदीनाल्यांच्या पात्रांतले चित्रविचित्र आकारांचे दगड, पाडकामातला माल, शहराने टाकलेल्या वस्तू गोळा करत. सुखना तलावाजवळ, बांधकामाला मनाई असलेल्या वनजमिनीतल्या एका घळीत त्यांनी हा माल साठवला आणि त्यातून मूर्ती घडवायला घेतल्या. सायकलच्या सांगाड्यावर सिमेंटचे अंग, त्यावर फुटक्या कपबश्यांचे कपडे. कुठे विजेच्या फ्यूजची आणि सॉकेटांची भिंत, कुठे डांबराच्या रिकाम्या पिंपांची. आणि बायकांच्या मूर्तींच्या रांगा, ज्यांची वस्त्रे काचेच्या बांगड्यांच्या हजारो तुकड्यांची आहेत. मराठी वाचकाने या रांगांसमोर जरा थांबावे. जे तुकडे आपण केरात टाकतानाही शब्द जपून वापरतो, ते इथे स्त्रीच्या अंगावर परत चढले आहेत.

हे सारे चोरून चालले होते. सरकारी जमिनीवर सरकारी नोकराने केलेले ते उघड अतिक्रमण होते. सत्तरीच्या दशकात ते उघडकीस आले तेव्हा अनेक एकर जागा व्यापली गेली होती आणि कायद्याप्रमाणे सारे जमीनदोस्त व्हायला हवे होते. झाले नाही, कारण लोक पाहायला येऊ लागले. 1976 साली बाग रीतसर खुली झाली, नेकचंदांना नोकरीतून मोकळे करून याच कामावर नेमण्यात आले, हाताखाली पन्नास मजूर देण्यात आले आणि टाकाऊ माल गोळा करण्यासाठी शहरात केंद्रे उघडण्यात आली. 1984 साली पद्मश्री मिळाली. अतिक्रमण करणाऱ्याचा असा सन्मान आपल्या प्रशासनाच्या इतिहासात विरळाच.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कॉर्बूझिएने चंडीगडसाठी जी नियमावली घालून दिली, तिच्यात व्यक्तींचे पुतळे शहरात उभारू नयेत असा दंडक होता. मुंबईने पुतळे चौकांतून उचलून बागेत नेले, चंडीगडने ते मुळातच नाकारले. आणि त्याच चंडीगडच्या सचिवालयापासून जवळच शेकडो पुतळे उभे राहिले. पण त्यांतला एकही ‘व्यक्ती’चा नाही. पाणी भरणाऱ्या बायका, वाजंत्री, गुरे, माकडे. एक उठलेले गाव परत आले आहे आणि त्याला नावे नाहीत. बागेतली दारेही ठेंगणी आहेत, वाकून जावे लागते. नियम मोडला म्हणावे तर मोडलाही नाही.

अर्थात या बागेला कायमचे अभय मिळाले, असे नाही. 1990 साली रस्त्यासाठी बुलडोझर आणले गेले, ते नागरिकांनी आडवे उभे राहून परतवले. 1996 साली नेकचंद परदेशी असताना मूर्तींची तोडफोड झाली. वॉशिंग्टनमधल्या मुलांच्या संग्रहालयासाठी त्यांनी 1980च्या दशकात अशीच एक बाग रचली होती. 2004 साली ते संग्रहालय जागा सोडू लागले तेव्हा तिथल्या मूर्ती पुन्हा अडगळ ठरल्या आणि काही कनवाळू माणसांनी धावपळ करून वाचवता आल्या तेवढ्या वाचवल्या. नेकचंद 2015 साली वारले. 2025च्या सुरुवातीला, शेजारच्या उच्च न्यायालयाकडे जाणारा रस्ता रुंद करण्यासाठी आणि वाहनतळासाठी, बागेच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. लोकांनी निषेध केला, पण भिंत गेली. पाडकामातून निघालेल्या मालाची भिंत पुन्हा पाडकामाचा माल झाली.

आता मित्राच्या हिरवळीवर मला काय खुपले, ते सांगता येईल असे वाटते. तिथे वस्तू वाचल्या होत्या, त्या कुणाच्या होत्या ते मात्र उरले नव्हते. बंब मोडीत घालताना कुणीतरी देवघरात बसून राहिले असणार, जात्यापाशी पहाटे कुणीतरी ओव्या म्हटल्या असणार, आणि बाजारात हे सारे मुकाट्याने गळून पडते. उरतो तो फक्त ‘अँटिक’ हा शब्द आणि त्याची किंमत. नेकचंदांनीही टाकलेल्याच वस्तू उचलल्या, पण ते स्वतः टाकल्या गेलेल्यांपैकी होते. त्यामुळे बांगडीचा तुकडा त्यांच्या हाती आला तेव्हा तो कुठे जायला हवा, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. आम्हां मध्यमवर्गीयांचे तसे नाही. बंब विकणारे आम्हीच, आणि वीस वर्षांनी तो चौपट पैशांनी परत आणून त्यात वेल सोडणारेही आम्हीच.

गेल्या दिवाळीत पुन्हा तिथे जाणे झाले. पायवाटेतल्या एका जात्याच्या दगडात, खुंट्याच्या भोकात, लाकडाचा काळा पडलेला तुकडा अजून अडकलेला होता. मी त्या दगडाला वळसा घालून गवतातून गेलो. मित्राने विचारले, चप्पल कशाला भिजवतोस?